वजन कमी करण्यासाठी गटात जावे का?

गेल्या वर्षी रमजान ईदच्या सुट्ट्या संपवून आम्ही शाळेत आलो, तेव्हा स्टाफरूममध्ये एकच विषय होता. ईदचे नवे ड्रेस कुणाला कुठे घट्ट झाले! महिनाभर रोजे ठेवूनही वजन उतरले नाही, उलट दोघींचे वाढलेच, याचे सगळ्यांना नवल वाटत होते. दुसऱ्या दिवशी एकीने घरून वजनकाटा आणला. दाराला आतून कडी लावून आम्ही एकेक जणी त्यावर उभ्या राहिलो. हसणे, चिडवणे झाले आणि मग थोडी शांतता पसरली. आमच्यातल्या दोघींच्या घरी आईवडिलांना शुगर आहे, एकीची अम्मी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आहे. त्यामुळे काट्यावरचा आकडा फक्त कपड्यांचा प्रश्न नाही, हे कुणाला सांगावे लागले नाही.

त्याच आठवड्यात आमचा गट झाला. शाळेतल्या चार जणी आणि मोहल्ल्यातल्या सात, अशा अकरा. वर्षभरात आम्ही तीन प्रकारचे गट जवळून पाहिले. मोबाईलवरचा आहार-गट पाहिला, शेक पाजणारा क्लब पाहिला आणि आमचा स्वतःचा चालणाऱ्या बायकांचा गट तर होताच. काही गोष्टी कमावल्या. एक चूक अशी केली की ती आठवली की आजही अंगावर काटा येतो. मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, वाशिम, जिथे जावे तिथे भगिनी विचारतात, “बाई, गटात जाऊ का?” त्या सगळ्यांसाठी हा लेख.

आधी मोजमाप

वजन खरोखरच जादा आहे का, हे शेजारणीकडे बघून ठरवू नये. उंची आणि वजनावरून काढतात त्या बीएमआयचा आकडा भारतीयांसाठी २३ च्या पुढे गेला की वजन जादा आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. उदाहरणार्थ, उंची १५५ सेंटिमीटर असलेल्या बाईचे वजन ५५ किलोच्या वर गेले की सावध व्हावे आणि ६० च्या वर गेले की काही तरी करायलाच हवे. त्याहून सोपी आणि महत्त्वाची खूण म्हणजे कंबर. शिंप्याचा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडा आणि मोजा. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. आपल्याकडची बरीच माणसे हातापायांनी बारीक आणि पोटाने मोठी असतात. त्यांचा धोका काटा दाखवत नाही, टेप दाखवतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पोटाचा लठ्ठपणा शंभरातल्या जवळजवळ ४० प्रौढांना आहे. पण याच देशाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे एकाच बाईच्या अंगावर चरबी जादा आणि रक्त कमी, हे आपल्या घराघरांत दिसते. अशा बाईने नुसते खाणे तोडले तर वजनाबरोबर ताकदही जाते. म्हणून वजन कमी करण्याच्या कोणत्याही वाटेवर पाऊल टाकण्याआधी हिमोग्लोबिन, शुगर आणि रक्तदाब बघून घ्यावा. तिशी ओलांडलेल्यांची कंबर मोजून आशाताई जो फॉर्म भरतात, तो याचसाठी असतो. आपण तो घाईत भरून टाकतो. पुढच्या वेळी त्यांना बसवा, चहा द्या आणि नीट मोजून घ्या. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात शुगर आणि बी.पी. तपासायला पैसे लागत नाहीत.

‘दीक्षित की दिवेकर?’

महाराष्ट्रात वजनाच्या गटांचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव येतेच. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या भाषणांतून सांगत, की आपण पुन्हा पुन्हा खातो म्हणून अंगातले इन्सुलिन पुन्हा पुन्हा वाढते आणि चरबी साठते. तेव्हा भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवावे. जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. दीक्षितांनी तो विचार पुढे नेला. दिवसातून दोनच जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधल्या वेळी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, हा त्यांचा आराखडा. २०१९ च्या सुरुवातीला राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणून त्यांना निवडले. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, दर दोन तासांनी आणि आपल्या मातीतले खा, असे सांगत होत्या. ‘दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न त्या वर्षी लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जात होता. अनेक डॉक्टरांनी आक्षेपही घेतले. एकच आराखडा सगळ्या वयांना आणि सगळ्या आजारांना कसा चालेल, हा त्यांचा मुद्दा होता.

आम्ही डॉक्टर नाही, म्हणून त्या वादात निकाल देणार नाही. आम्हाला त्या मोहिमेतली वेगळी गोष्ट शिकण्यासारखी वाटली. ती फुकट आहे आणि ती गटांवर उभी आहे. मोबाईलवर गट होतात, तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासून त्याचे अहवाल मागितले जातात, शंकांना उत्तरे दिली जातात. कुठलीही पावडर नाही, गोळी नाही, सभासद आणण्याची सक्ती नाही. लाखो मराठी माणसांनी आहाराचा विचार पहिल्यांदा केला तो या गटांमुळे, हे मान्य करायला हवे.

गटाचे फायदे

पहिला फायदा सोबतीचा. आमच्या गावात फजरनंतर एकट्या बाईने रस्त्यावर भराभर चालणे अजूनही सोपे नाही. कुत्री असतात, टवाळ पोरे असतात आणि “सकाळी सकाळी कुठे निघालीस?” असे विचारणारेही असतात. पाच जणी बुरख्यात एकत्र निघाल्या की कुणी काही विचारत नाही. पावसाळ्यात आम्ही एकीच्या गच्चीवर चाललो. चाळीस फेऱ्यांना किती मिनिटे लागतात, हेही आम्हाला पाठ झाले.

दुसरा फायदा हिशेबाचा. घरात कुणी विचारत नाही की आज किती खाल्ले. गटात दर शुक्रवारी वजन लिहायचे असते. आम्ही पहिल्या महिन्यात एक साधी वही केली. चहा किती कप, साखर किती चमचे, तेल महिन्याला किती. एकीच्या वहीत दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर निघाली. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी, आणि पोटात भरल्यासारखे काहीच नाही. तिने फक्त चहा अर्धा कप आणि बिनसाखरेचा केला. दोन महिन्यांत काटा हलला. हे तिला आधी डॉक्टरांनीही सांगितले होते. पण पाच जणींसमोर वहीत लिहावे लागले, तेव्हा ते मनावर घेतले गेले.

तिसरा फायदा माहितीचा. आपल्या रोजच्या ताटातूनच काय करता येते, हे बाहेरचा कागद सांगत नाही, शेजारीण सांगते. बिर्याणीच्या दिवशी सोबत काकडी-कांद्याची मोठी वाटी आणि रायता, दालच्यात तेल कमी आणि दुधी-डाळ जास्त, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर आणि वरण, आलुबोंड्याऐवजी मूठभर भाजलेले फल्लीदाणे किंवा फुटाणे. या सगळ्या युक्त्या आमच्या गटातूनच निघाल्या.

चौथा फायदा सांगायला थोडा संकोच वाटतो. बायकांना स्वतःसाठी रोज पाऊण तास मिळाला. त्या पाऊण तासात मुलांच्या परीक्षा, सुनांचे प्रश्न, गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी, सगळे बोलून झाले. दोघींनी तर केवळ या बोलण्यातून पहिल्यांदा थायरॉईडची तपासणी केली आणि एकीला ते निघाले. वजन वाढण्याचे कारण तिच्या ताटात नव्हतेच.

गटाचे तोटे, आणि आमची चूक

आता ती चूक. आमच्यातली एक जण मोबाईलवरच्या एका आहार-गटात होती. दोन वेळा जेवण्याचा आराखडा तिला मानवला, सहा किलो उतरले. आनंदाच्या भरात तिने तिथला एक मजकूर आमच्या गटावर टाकला आणि आम्ही सगळ्यांनी तो नातेवाइकांना पुढे पाठवला. तो मोहल्ल्यातल्या एका खालांपर्यंत पोहोचला. वय ५८, शुगरची गोळी सात वर्षांपासून सुरू. खालांनी न डॉक्टरांना विचारले, न तपासण्या केल्या. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि नाश्ता बंद केला. तिसऱ्या दिवशी जोहरच्या वेळी त्या जानमाजवर बसल्या त्या उठेनात. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. घरच्यांना वाटले लकवा आला. सुदैवाने शेजारच्या मुलीकडे शुगर मोजायचे यंत्र होते. शुगर ५२ होती. साखरेचे पाणी पाजले, दवाखान्यात नेले, त्या सावरल्या. अल्लाहचा शुक्र.

ज्या गटातून तो मजकूर आला होता, तिथे स्पष्ट लिहिलेले होते की औषध घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. आम्ही पुढे पाठवताना नेमकी तीच ओळ गळाली होती. दोष आराखड्याचा नव्हता आणि खालांचाही नव्हता. तो आमचा होता. त्या दिवसापासून आमच्या गटाचा पहिला नियम झाला: औषध किंवा आहाराबद्दलचा कोणताही मजकूर पुढे पाठवायचा नाही. कुणी विचारले तर “डॉक्टरांकडे चला, मी सोबत येते” एवढेच म्हणायचे.

प्रत्येक घराला हे माहीत असावे. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न येईल असे धरूनच काम करतात. जेवण मागे-पुढे झाले तर शुगर धोकादायक उतरते. ७० च्या खाली गेली की ताबडतोब तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. म्हणून इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले, यांनी कोणत्याही गटाच्या सांगण्यावरून जेवण बदलू नये.

दुसरा तोटा लाजेचा. गटात सगळ्यांसमोर वजन सांगताना ज्यांचे उतरत नाही त्या गप्प होत जातात. आमच्यातल्या दोघी याच कारणाने सोडून गेल्या, हे आम्हाला फार उशिरा कळले. चिडवणे आम्हाला प्रेमाचे वाटत होते, त्यांना ते बोचत होते. आता आम्ही वजन ज्याच्या त्याच्या वहीत लिहितो, मोठ्याने वाचत नाही. घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासमोर वजनाच्या गप्पा तर जपूनच कराव्यात. आईचे बघून ती जेवण टाकू लागते. वर्गात मुली चक्कर येऊन पडतात आणि डबा उघडलेलाच नसतो, हे आम्ही शिक्षिका म्हणून पाहिले आहे.

तिसरा तोटा चढाओढीचा. ‘महिन्यात दहा किलो’ अशी शर्यत लागली की केस गळतात, थकवा येतो, आणि फार वेगाने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ.

चौथा तोटा खासगीपणाचा. मोबाईलवरच्या गटात अनोळखी माणसे असतात. तिथे ‘आधीचा फोटो, नंतरचा फोटो’ मागितला जातो. आपला फोटो, फोन नंबर आणि रक्ताचा अहवाल कुणाकुणाच्या हातात जातो, यावर आपला ताबा राहत नाही. बायकांचा वेगळा गट आहे का आणि अहवाल कोण बघते, हे विचारण्यात संकोच नसावा.

शेक पाजणारे क्लब

आमच्या लहान शहरांतूनही आता एखाद्या गाळ्यात सकाळी सकाळी खुर्च्या मांडलेल्या दिसतात. भिंतीवर फोटो, एका कोपऱ्यात काटा, एका पेल्यात शेक आणि दुसऱ्यात गरम पेय. आमच्यातल्या दोघी अशा एका ठिकाणी अडीच महिने गेल्या. तिथली माणसे गोड बोलणारी होती, रोज नाव घेऊन विचारपूस करायची. पहिल्या महिन्यात वजन उतरलेही, कारण सकाळचे परोठे आणि तळलेले बंद झाले होते. मग सुचवणे सुरू झाले: डबा घरी न्या, सभासद व्हा म्हणजे स्वस्त पडेल, दोन मैत्रिणी आणा म्हणजे आणखी स्वस्त पडेल, स्वतःच क्लब काढा म्हणजे कमाई होईल. वजन कमी करायला गेलेल्या बाईच्या हातात विक्रीची वही आली. महिन्याला जाणारे काही हजार रुपये एका शिक्षिकेला जड गेले, दुसरीने घरात लपवले. शेक बंद केल्यावर चार महिन्यांत वजन होते तिथे आले. घरातले जेवण बदललेच नव्हते, मग दुसरे काय होणार?

ग्राहक म्हणून कायदा माहीत असावा. थेट विक्रीबाबतचे २०२१ चे नियम माणसांची साखळी जोडून पैसे मिळवण्याच्या योजनांना मनाई करतात. आणि मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करणारे औषध अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. “सात दिवसांत शुगर गायब” म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असला, तरी त्याचा अर्थ ते औषध आहे असा होत नाही.

अभ्यास काय सांगतात?

गटाने वजन उतरवण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीने १९६१ मध्ये शेजारणींना घरी बोलावून मन मोकळे करायला सुरुवात केली. त्यातून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी निघाली आणि जगभर पसरली. सुरुवात झाली ती काही बायकांच्या बैठकीतून, पावडर किंवा यंत्रातून नाही.

या प्रकारच्या गटांची नीट तपासणी ब्रिटनमध्ये झाली. १२६७ जणांवरच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्यांना केवळ थोडक्यात सल्ला आणि पुस्तिका दिली, त्यांचे एका वर्षात सरासरी सव्वातीन किलो वजन उतरले. ज्यांना वर्षभर गटात पाठवले, त्यांचे पावणेसात किलो. मात्र दोन वर्षांनी पाहिले तेव्हा गटवाल्यांचे उतरलेले वजन सरासरी सव्वाचार किलोच राहिले होते. म्हणजे गट उपयोगी पडतो, पण गट सुटला की वजन हळूहळू परतते.

आपल्या देशातले दोन अभ्यास आम्हाला फार बोलके वाटले. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मधुमेहाचा धोका असलेल्या १००७ जणांना घेऊन प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत लोकांचे गट केले आणि त्यांच्यातल्याच काहींना प्रशिक्षण देऊन गट सांभाळायला दिले. दोन वर्षांनी लोकांच्या खाण्यात फळे-भाज्या वाढल्या होत्या, पण मधुमेह ठामपणे रोखला गेला असे म्हणण्याइतका फरक दिसला नाही. चेन्नईत ५७८ जणांच्या अभ्यासात गटवर्ग होतेच, शिवाय तज्ज्ञांची देखरेख आणि ज्यांना गरज त्यांना औषधही होते. तिथे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. दोन्ही ठिकाणची माणसे आणि पद्धती वेगळ्या होत्या, त्यामुळे थेट तुलना नको. पण आमच्या खालांच्या प्रसंगानंतर आम्हाला त्यातून एक गोष्ट पटली: सोबत शेजारणीची असावी आणि लगाम डॉक्टरांच्या हातात असावा.

रमजान आणि दोन वेळचे जेवण

“आपण तर रमजानमध्ये महिनाभर दोनच वेळा जेवतो, मग वजन का उतरत नाही?” हा स्टाफरूममधला प्रश्न होता. रोजा ही इबादत आहे, वजनाचा उपाय म्हणून तो कुणी ठेवत नाही. तरीही प्रश्न रास्त आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा मेळ घातला तेव्हा रमजानमध्ये सरासरी सव्वा किलोच्या आसपास वजन उतरते आणि त्यातले बरेचसे काही आठवड्यांत परत येते, असे दिसले. कारण आपण जाणतो. इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन नमाजला उठावे, ते सोडून भजी, समोसे, सरबत. मग जेवण. तरावीहनंतर पुन्हा काही तरी गोड. इफ्तारपासून सेहरीपर्यंत तोंड चालूच. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची शिकवण आपण मुलांना सांगतो आणि इफ्तारच्या दस्तरख्वानावर स्वतःच विसरतो.

या वर्षी आमच्या गटाने ठरवून तळण आठवड्यातून एकदाच केले, सरबतातली साखर निम्मी केली आणि मशिदीत पाठवायच्या ताटात भज्यांच्या जागी फळे आणि उकडलेले हरभरे ठेवले. पहिल्या दिवशी घरच्यांनी तोंडे वाकडी केली. दहाव्या दिवशी मुले स्वतःच चण्यांवर लिंबू पिळत होती. शुगर असलेल्यांनी रोज्यांबाबत रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. रोज्यात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आजाऱ्याला दीनने दिलेली सवलत नाकारण्यात मोठेपणा नाही.

गटात जाण्याआधी विचारायचे प्रश्न

१. हा गट काही विकतो का? विकत असेल तर तो दुकान आहे, हे लक्षात ठेवूनच जावे.

२. सुरू करण्यापूर्वी तपासण्या आणि आजारांची चौकशी होते का? कुणालाही काही न विचारता एकच तक्ता देणारा गट टाळावा.

३. औषधे बंद करा, असे कुणी सांगते का? तसे सांगणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये. औषध कमी करायचे की नाही, हे फक्त डॉक्टर ठरवतात.

४. यातले जेवण आपल्या चुलीवर, आपल्या पगारात, वर्षानुवर्षे करता येईल का?

५. वजन उतरले नाही तर आपल्याशी कसे वागतील?

६. आपले फोटो आणि अहवाल कोण बघणार?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर जरूर जावे. आणि जवळ असा गट नसेल तर चार शेजारणी, एक टेप, एक वही आणि फजरनंतरचा पाऊण तास एवढ्यावर स्वतःचा गट निघतो.

वजन टिकते ते घरात

वर्षाच्या शेवटी आमच्या अकरा जणींपैकी सात उरलो आहोत. एकीचे नऊ किलो उतरले, तिघींचे तीन ते पाच, दोघींचे होते तिथेच आहे आणि एकीचे दोन किलो वाढले. खाला आता आमच्याबरोबर चालतात. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून दिली, जेवणाच्या वेळा लिहून दिल्या. तीन किलो कमी झाले आहेत आणि खिशात नेहमी साखरेची पुडी असते. आम्हाला बघितले की म्हणतात, “मेसेज पाठवू नका, घरी या.”

ज्यांचे उतरले आणि टिकले, त्यांच्या घरांत एक गोष्ट समान दिसली. तिथे एकट्या बाईचे ताट वेगळे झाले नाही, सगळ्यांचेच बदलले. नवऱ्याने तेलाचा डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरवायचे मनावर घेतले. सासूबाईंनी “थोडे अजून घे” हा आग्रह सोडला. बाई सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले उभ्याउभ्या खात नाही, सगळ्यांबरोबर दस्तरख्वानावर बसते आणि पोटभर भाजी खाऊन उठते. ज्यांचे परत आले, त्या गटात एक जेवत होत्या आणि घरात दुसरेच शिजवत होत्या.

तेव्हा “गटात जाऊ का?” या प्रश्नाला आमचे उत्तर असे: जा, तपासणी करून जा, पाकीट बंद ठेवून जा. आणि पहिल्या दिवशी घरी परतल्यावर रात्री सगळ्यांना बसवून सांगा की उद्यापासून भाजीत तेल किती पडणार आहे. नवरा आणि मुले त्याला हो म्हणाली, तर तुमचा सगळ्यात मोठा गट घरातच तयार झाला.